दमलेला घोडा परत कोण नेणार?

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट आमच्या भागात लहानपणापासून ऐकवली जाते. लांबच्या वाटेने आलेले स्वार इथे थांबत, दमलेला घोडा बदलत आणि ताज्या दमाच्या घोड्यावर मांड टाकून पुढे सुरतेकडे जात. घोडे बदलायचे गाव, म्हणून बदलापूर. शिवाजी महाराजांच्या फौजेचे घोडेही इथेच बदलले जात, असे सांगणारे सांगतात. यातले खरे किती आणि मागाहून रचलेले किती, ते इतिहासकारांनी ठरवावे. मला ही गोष्ट आठवते ती वेगळ्याच कारणाने.

शाळेत गुरुजींनी ती सांगितली, त्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकवली. अण्णा सायकलच्या चाकाची आऊट काढत बसले होते. मान वर न करता त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘ते सगळं ठीक आहे रे. पण तो दमलेला घोडा परत कोण नेत असे?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले, तर त्यांनी ‘बस खाली’ म्हणून मला बसवले. अण्णांचा प्रश्न मात्र रिकामटेकडा नव्हता. अंबरनाथ स्टेशनजवळ त्यांचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते, आणि त्या प्रश्नाने पुढे आमच्या घराचे बरेच काही ठरवले.

तासाला चार आणे

आज चाळिशीच्या आतल्या वाचकांना भाड्याच्या सायकलीचे दुकान म्हणजे काय, हे सांगावे लागेल. त्या काळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टेशनबाहेर, एसटी स्टँडसमोर, नाक्यावर असे एखादे दुकान असायचेच. पत्र्याची शेड, पुढे ओळीने उभ्या केलेल्या काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचे नाव आणि नंबर. पाण्याने भरलेले घमेले, त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधणारा पोऱ्या. आणि एका खिळ्याला सुतळीने बांधलेली लांबट वही. नाव, सायकल नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. ओळखीचा माणूस असेल तर सही पुरे, अनोळखी असेल तर घड्याळ किंवा पाच-दहा रुपये ठेवून घ्यायचे. आमच्याकडे दर तासाला चार आणे होता, आणि पोरांच्या छोट्या सायकलीला त्याहून कमी. निम्मे अंबरनाथ आमच्या दुकानाच्या सायकलींवर सायकल शिकले आणि गुडघे फोडून घेतले, असे आई म्हणायची.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. लोकल चुकल्यामुळे पाळीला उशीर झालेला विम्कोचा कामगार, ऑर्डनन्स फॅक्टरीत कुणाला भेटायला आलेला पाहुणा, शिवमंदिर बघायला निघालेले नवे जोडपे, लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारे मामा. अट एकच, सायकल जिथून नेली तिथेच आणून द्यायची.

ही अट अण्णांना खटकू लागली. वार्ताहराने टिपून ठेवावे तसे ते गिऱ्हाइकाला ‘कुठे निघालात?’ म्हणून विचारत. त्यांच्या लक्षात आले की पुष्कळांना जायचे असते, पण त्याच रस्त्याने परत यायचे नसते. उल्हासनगरच्या बाजारात कापड आणायला निघालेला माणूस परतताना गाडीने येतो. रात्री अंबरनाथपर्यंतच येणाऱ्या लोकलने उतरलेल्या बदलापूरच्या माणसाला घर गाठायचे असते. सकाळी तो बदलापूरहूनच गाडी पकडणार असतो. अशा माणसाला ‘सायकल इथेच आणून दे’ म्हणणे म्हणजे ‘तू सायकल घेऊ नकोस’ असे सांगण्यासारखेच होते.

१९७८ च्या दिवाळीनंतर अण्णांनी दोघा मित्रांना चहाला बोलावले. एक उल्हासनगरचे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन पडलेल्या हजारो सिंधी कुटुंबांपैकी त्यांचे एक. त्या छावणीचे उल्हासनगर असे बारसे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाले, तेव्हा हे गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून होते म्हणे. अण्णा त्यांना ‘साईं’ म्हणत, म्हणून आम्ही पोरे ‘साईंकाका’. दुसरे बदलापूरचे भाऊ. दोघांचीही सायकलींचीच दुकाने. तिघांनी मिळून ठरवले की सायकल कुठल्याही दुकानातून न्यावी आणि तिघांपैकी कुठल्याही दुकानात सोडावी. मडगार्डवर रंगाचे पट्टे मारले. अंबरनाथचा लाल, उल्हासनगरचा हिरवा, बदलापूरचा निळा. उल्हासनगरला आठ आणे, बदलापूरला रुपया. हिशेब दर रविवारी. अण्णांच्या चौदा सायकली होत्या. या योजनेपायी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून आणखी आठ घेतल्या. साईंकाकांच्या पंधरा, भाऊंच्या दहा.

पहिले दोन आठवडे आमच्या घरात दिवाळी लांबल्यासारखे वाटत होते.

लाल पट्टे दिसेनासे झाले

मग एका सकाळी मी दुकान उघडायला गेलो, तर आत चारच सायकली. चोरी झाली की काय म्हणून मी घाबरलो. अण्णा मात्र नुसते वही बघत होते.

चोरी झालीच नव्हती. माणसे उल्हासनगरला मोकळ्या हाताने जात होती, म्हणून सायकलवर जात होती. परतताना हातात गठ्ठे, म्हणून गाडीने येत होती. सायकली साईंकाकांकडे राहत होत्या. रात्री माणसे बदलापूरला सायकलने जात आणि सकाळी गाडीने निघून येत. त्या सायकली भाऊंकडे राहत. दोन्हीकडून गळती, आणि गळके भांडे आमचे.

हिशेब किती साधा आहे बघा. समजा, रोज दहा सायकली जातात आणि सात परत येतात. तीनची तूट. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही. सात दिवसांत कागदावर ती एकवीस होते, आणि बावीस सायकलींच्या दुकानात उरते एक. व्यवहार बुडालेला नसतो, सायकली मोडलेल्या नसतात, गिऱ्हाईकही भरपूर असते. फक्त जिथे गिऱ्हाईक आहे तिथे सायकल नसते आणि सायकल असते तिथे गिऱ्हाईक नसते.

यावर पहिला उपाय होतो मी आणि माझा चुलत भाऊ. पहाटेच्या गाडीने बदलापूरला जायचे आणि एका सायकलवर बसून, डाव्या हाताने दुसरीचे हँडल मधोमध धरून, दोन्ही घेऊन यायचे. ज्याने हे केले आहे त्यालाच त्यातली कसरत कळेल. खड्डा आला की दुसरी सायकल आपल्या पायात घुसते. सात-आठ किलोमीटर असे येईपर्यंत शाळेची पहिली घंटा होऊन गेलेली असे. दोघांनी मिळून आणायच्या चार सायकली, आणि संध्याकाळी जायच्या सहा.

दुसरा उपाय अण्णांनी शोधला तो फार हुशारीचा, असे मला आज वाटते. ‘उलटी फेरी फुकट.’ जो कोणी बदलापूरहून किंवा उल्हासनगरहून अंबरनाथला सायकल आणील त्याला भाडे नाही. ही बातमी शाळेत फुटली आणि रविवारी भाऊंच्या दुकानापुढे पोरांची रांग लागली. सायकली निघाल्या खऱ्या, पण वाटेत उल्हास नदी लागत नसतानाही सगळ्या नदीवर गेल्या. पोरांनी मनसोक्त डुंबून घेतले आणि दिवेलागणीला सायकली आणून टाकल्या, सीटवर ओले कपडे वाळत घातलेले. फुकटात आणणारा आपल्या सवडीने आणतो, हा धडा अण्णा त्या दिवशी शिकले. मग ते म्हणाले, ‘‘नऊच्या आत आणली तर फुकट, नंतर आणली तर पूर्ण भाडं.’’ याने थोडे जमले.

तिसरा उपाय टेम्पो. तो एकदाच केला. टेम्पोवाल्याने मागितलेले पैसे त्या रस्त्यावरच्या आठवड्याच्या कमाईहून जास्त होते.

आणि मग महाशिवरात्र आली. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखाप्रमाणे इ. स. १०६० चे. तिथली महाशिवरात्रीची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना गर्दीचे वर्णन करून सांगायला नको. त्या दिवशी आमचा उतार उलटा झाला. पहाटेपासून उल्हासनगर आणि बदलापूर दोन्हीकडून माणसे सायकली घेऊन अंबरनाथला आली. दुपारी बारापर्यंत तिन्ही दुकानांच्या झाडून सगळ्या सायकली आमच्या दारात. शेडमध्ये जागा नाही, रस्त्यावर जागा नाही. एकमेकींत अडकलेल्या पायडलांचा नुसता डोंगर. साईंकाकांकडे आणि भाऊंकडे गिऱ्हाइके दुकानदाराशी भांडत होती, कारण तिथे एकही सायकल नव्हती. आमच्याकडे लोक भांडत होते, कारण सोडायला जागा नव्हती. संध्याकाळी सगळ्यांना एकदमच परत जायचे होते. वहीत नाव लिहायला सवड मिळेना. अण्णांनी चेहरे बघून सायकली दिल्या.

पाच सायकली परत आल्या नाहीत. त्यांतल्या तीन कर्जाच्या होत्या.

पुढच्या रविवारी तिघांनी चहा घेतला, हिशेब केला आणि पट्टे खरवडून टाकायचे ठरवले. कोणी कोणाला दोष दिला नाही. साईंकाका निघताना म्हणाले, ‘‘अण्णा, धंदा अच्छा था. बस, सायकल को घर का रास्ता मालूम नहीं था.’’ मी तेव्हा नववीत होतो, आणि शाळा बुडवल्याबद्दल मार खाऊन बसलो होतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘आपली सायकल दुसऱ्याच्या दुकानात सोडायला सांगणारा दुकानदार जगात दुसरा नसेल.’’ आई हसली. अण्णा काही बोलले नाहीत. पतपेढीचे हप्ते पुढची तीन वर्षे चालले, आणि मी अकरावीला अंबरनाथची गाडी धरली ती नोकरी संपेपर्यंत सोडली नाही.

जगात दुसरे दुकानदार

२०१८ साली मुलीकडे पुण्याला, औंधला गेलो होतो. सकाळी फिरायला निघालो, तर पदपथाकडेला रंगीत सायकलींची ओळ उभी. दुकान नाही, वही नाही, मालक नाही. मोबाईलवर कुलूप उघडायचे आणि काम झाले की सोडून द्यायची. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंधला आणि विद्यापीठाच्या आवारात ही सोय सुरू झाली, आणि पाठोपाठ दोन-तीन कंपन्या उतरल्या. मी बघत उभा होतो, तेवढ्यात एक टेम्पो आला. एक तरुण उतरून सायकली उचलून आत टाकू लागला. ‘‘कुठे नेतोस बाबा?’’ असे विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, रात्रीत सगळ्या इकडे जमतात. सकाळी उचलायच्या, तिकडे टाकायच्या. संध्याकाळी परत हेच.’’

चाळीस वर्षांनी माझे कान गरम झाले. जगात दुसरा दुकानदार होता तर!

घरी येऊन मी वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो. अण्णांच्या आधीही दुकानदार होते. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या बंडखोर तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, शहराला बहाल केल्या. कुलूप न लावता सायकल ठेवणे नियमात बसत नाही, म्हणून पोलिसांनी त्या जप्त केल्या. १९७४ साली फ्रान्समधल्या ला रोशेल गावाने पिवळ्या सायकली ठेवल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे घालून सुटणारी सायकल आणली. परत लावली की नाणे मिळे. १५ जुलै २००७ रोजी पॅरिसने ‘वेलिब’ सुरू केली, हजारो सायकलींची. तिथून ही कल्पना जगभर पसरली.

आणि प्रत्येक ठिकाणी आमच्या दुकानातलाच खेळ झाला. पॅरिसमध्ये मोंमार्त्र, बेलव्हिल हे भाग चढावर आहेत. लोक सायकलने उतरून येत आणि वर जाताना मेट्रोने जात. वरचे तळ रिकामे, खालचे भरलेले. मग ट्रक फिरवले, आणि पुढे एक नियम केला की चढावरच्या ठरावीक तळावर सायकल नेऊन लावणाऱ्याला पंधरा मिनिटे जादा फुकट. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. ही तर आमची ‘उलटी फेरी’! न्यूयॉर्कने तेच आणखी बारकाईने केले. भरलेल्या तळावरून रिकाम्या तळावर सायकल नेणाऱ्याला गुण मिळतात आणि त्या गुणांवर सवलत. असे करणाऱ्यांना तिथे ‘बाईक एंजल’, म्हणजे सायकलींचे देवदूत, म्हणतात. आमच्याकडे त्यांना नदीवर डुंबणारी कार्टी म्हणत.

आपल्या जवळही प्रयत्न झाले. २०१० च्या सुमाराला मुलुंडमध्ये काही तरुणांनी स्टेशन ते वझे-केळकर महाविद्यालय अशा सायकली ठेवल्या होत्या. तो उपक्रम पुढे पुण्यालाही गेला, पण फार वर्षे टिकला नाही. जून २०१७ मध्ये म्हैसूरने साडेचारशे सायकलींची ‘ट्रिन ट्रिन’ सुरू केली. नवी मुंबईने २०१८ मध्ये सायकली आणल्या. पुण्यात मात्र उत्साह लवकर ओसरला. एका चिनी कंपनीने २०१८ च्या मध्यातच भारतातून गाशा गुंडाळला, बाकीच्याही एकेक करून गेल्या. कुणी सायकली सोसायटीच्या आत नेऊन ठेवल्या, कुणी मोडल्या. चीनमध्ये तर कंपन्यांनी इतक्या सायकली ओतल्या की मैदानेच्या मैदाने टाकून दिलेल्या सायकलींनी भरल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. सायकली वाढवल्या की प्रश्न सुटतो, हा समज तिथे खोटा ठरला. गळके भांडे मोठे केले म्हणून गळणे थांबत नाही.

रिक्षाला माणूस असतो

हे सगळे वाचून मला जे कळले ते साध्या भाषेत सांगतो.

रिक्षाला चालक असतो. संध्याकाळी स्टेशनवरून तीन माणसे कॉलनीत सोडली की तो रिकामी रिक्षा घेऊन परत येतो, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसे आपल्या भाड्यात आधीच धरलेले असतात. डबेवाल्याचा रिकामा डबा संध्याकाळी घरी येतो, कारण प्रत्येक डब्याला एकच घर असते. भाड्याच्या सायकलला चालकही नाही आणि घरही नाही. म्हणून तिला परत नेण्याचा खर्च कोणीतरी वेगळा उचलावा लागतो, आणि योजना आखताना नेमका तोच धरायचा राहतो. सायकलींची किंमत कागदावर येते, टेम्पोची येत नाही.

दुसरी गोष्ट. सगळीकडे सारख्या सायकली ठेवल्या म्हणजे झाले, असे वाटते. पण तेही चूक. पहाटे पाच वाजता कॉलनीतले तळ भरलेले हवेत आणि स्टेशनचा तळ रिकामा हवा, कारण थोड्याच वेळात सगळ्यांना तिथे सायकल सोडायची आहे. संध्याकाळी याच्या बरोबर उलट. भरलेला तळ हा रिकाम्या तळाइतकाच वाईट; आमच्या शिवरात्रीने ते दाखवले होते. म्हणजे ‘आत्ता कुठे किती आहेत’ हा प्रश्न नसून ‘पुढच्या दोन-तीन तासांत कुठे किती लागतील’ हा आहे. आणि मग ट्रक एक, तळ शंभर, वेळ थोडा; आधी कुठून उचलायच्या आणि कुठे टाकायच्या? दहा गावे फिरायची असलेल्या विक्रेत्याने कुठल्या क्रमाने फिरावे, हे गणितातले जुने कोडे आहे. हे त्याचेच भावंड, पण जास्त खट्याळ. कारण ट्रक पोहोचेपर्यंत लोकांनी आकडे बदलून ठेवलेले असतात. मोठमोठ्या विद्यापीठांतले गणिती यावर काम करतात. अण्णा सातवी पास होते.

अलीकडे विजेच्या सायकली आल्या आहेत. त्यांची बॅटरी उतरली की माणूस येऊन नवी बसवतो. घोडा तिथेच राहतो, फक्त दम बदलतात. पण त्या घोड्यालाही गिऱ्हाईक असेल तिथे न्यावेच लागते.

तीन स्टेशने, तीन तऱ्हा

आता आपल्या गावांकडे बघू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास होते. हेच बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होते. त्यानंतर किती इमारती उठल्या, हे आपण गाडीच्या खिडकीतून रोज बघतो. घर स्टेशनपासून दूर दूर सरकले, आणि लोकलच्या आधीचा आणि नंतरचा तो शेवटचा टप्पा लोकलइतकाच जड झाला. माझी सून बदलापूरला कात्रपहून निघते. रिक्षाच्या रांगेत किती मिनिटे जातात, ते तिला विचारू नये, ती चिडते.

सार्वजनिक सायकली हा त्यावर उपाय होईल का? उत्तर तिन्ही स्टेशनांना वेगवेगळे आहे, आणि हे मला अण्णांनी शिकवले.

बदलापूरला सकाळी सगळे स्टेशनकडे, संध्याकाळी सगळे घराकडे. सायकल दिवसभर स्टेशनवर पडून. तिथे सामाईक सायकल ही स्वतःच्या सायकलपेक्षा फारशी जास्त कामाला येत नाही. साडेपाचच्या गाडीने गेलेल्या माणसाची सायकल सात वाजेपर्यंत कॉलनीत परत नेऊन ठेवली, तरच ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. तेवढा टेम्पो परवडणार नसेल, तर तिथे पैसे स्टेशनजवळच्या चांगल्या, राखणीच्या सायकल तळावर घालावेत आणि लोकांना आपापल्या सायकली आणू द्याव्यात.

उल्हासनगरला माणसे बाजाराला येतात. जीन्स, फर्निचर, कापड. येताना हात मोकळे, जाताना गठ्ठे. आमच्या सायकली तिथेच अडकल्या, त्याचे कारण आजही बदललेले नाही. तिथे साध्या सायकलपेक्षा सामान नेणारी तीनचाकी जास्त चालेल.

अंबरनाथची गंमत वेगळी. सकाळी अंबरनाथचा माणूस मुंबईला जातो, आणि त्याच वेळी एमआयडीसीच्या कारखान्यांत कामाला बाहेरून माणसे उतरतात. एकाने सव्वासातला स्टेशनवर सोडलेली सायकल दुसऱ्याने पावणेआठला उचलून कारखान्याकडे नेली, तर टेम्पोची गरजच कमी होते. संध्याकाळी तसेच उलट. दमलेला घोडा परत नेणारा स्वार गावातच हजर आहे. अडचण एवढीच की पूर्वेला सोडलेली सायकल पश्चिमेला उतरणाऱ्याच्या कामाची नसते, आणि कारखान्याकडून कॉलनीपर्यंतची शेवटची फेरी तरीही कोणाला तरी करावी लागेल. पण अशी सोय करायचीच, तर तिन्ही गावांत सुरुवात अंबरनाथहून व्हावी. एकाच मापाचा सदरा तिघांना शिवू नये.

आणि एकही सायकल विकत घेण्याआधी तिन्ही स्टेशनांबाहेर आठवडाभर माणूस बसवावा. वही घेऊन.

शून्यांचा रकाना

आमची चाळ पाडायची ठरली, तेव्हा माळ्यावरून अण्णांच्या वह्या निघाल्या. अण्णांना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. सुतळीचे भोक पडलेल्या त्या लांबट वह्यांत १९७८-७९ ची वही सापडली. नाव, नंबर, वेळ. उजवीकडे मात्र एक जादा रकाना पेन्सिलीने आखलेला. त्यात नुसती शून्ये, आणि शून्यापुढे ‘उ’ किंवा ‘ब’.

पहिल्यांदा मला काही कळेना. मग उलगडले. सायकल नसल्यामुळे रिकाम्या हाताने परत गेलेल्या गिऱ्हाइकाचे ते शून्य होते. ‘उ’ म्हणजे उल्हासनगरला जाणारा, ‘ब’ म्हणजे बदलापूरला. वहीत नेहमी मिळालेल्यांची नावे असतात. न मिळालेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. आजचे जाणकारही म्हणतात की सर्वांत अवघड आकडा हाच. किती सायकली गेल्या हे यंत्र सांगते, किती माणसे निराश होऊन गेली हे सांगत नाही.

शिवरात्रीच्या पानावर फक्त पाच नंबर लिहिले होते, हरवलेल्या सायकलींचे. मला वाटले, इथे वही संपली असेल. पान उलटले. योजना मोडली होती, पट्टे खरवडले होते, तरी शून्यांचा रकाना पुढे चालूच होता. मार्च, एप्रिल, थेट पावसापर्यंत. आता सायकल दुसरीकडे सोडता येणार नव्हती, हे ठाऊक असूनही अण्णा प्रत्येकाला ‘कुठे निघालात?’ विचारत होते आणि लिहून ठेवत होते. त्यांना पुन्हा एकदा करून बघायचे होते. घरात कोणाला ते बोलले नाहीत. का बोलले नसतील, ते मला माहीत आहे. नववीतल्या मुलाचे एक वाक्य त्यांच्या कानात होते.

ती वही आता माझ्या कपाटात आहे. परवा नातू शाळेतून आला आणि त्याने मोठ्या ऐटीत मला सांगितले, ‘‘आजोबा, बदलापूर हे नाव का पडलं, माहीत आहे?’’ मी त्याला सगळी गोष्ट सांगू दिली. मग विचारले, ‘‘पण तो दमलेला घोडा परत कोण नेत असेल रे?’’

त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘‘त्या बाजूला जाणारा कोणीतरी असेलच ना!’’

मी वही काढली आणि त्याला शून्ये मोजायला बसवले.